आतून लावायची कडी

४ मे

ती. ताईस,

कळवायला अत्यंत दुःख होतं की गेला आठवडाभर तुझ्या धाकट्या भावावर एक किटली पाळत ठेवून आहे.

साधीसुधी किटली नाही. विजेवर चालणारी, आकाशी रंगाची, एक कप चहा होईल एवढीच. बातम्या उघडल्या की बातमीच्या मधोमध ती उभी. हवामान बघायला गेलो की ढगांच्या आधी ती. मला एका कपाने काय होतं हे तुला माहीत आहे; लहानपणी तू माझ्या पेल्याला बादली म्हणायचीस. मी किटलीला परोपरीने 'नको' म्हटलं. ती गेली, पण जाताना आपली भावंडं पाठवून गेली: एक अरुंद पलंग, एका माणसापुरतं पातेलं आणि न घसरणारं पायपुसणं.

इथवर मी सोसलं. मंगळवारी मात्र ऑफिसात संपादकांना माझ्या सदराचं चित्र दाखवायला फोन त्यांच्यापुढे धरला आणि त्यावर ठळक अक्षरांत आलं, 'एकट्या महिलेसाठी सुरक्षित खोली. प्रश्न विचारले जाणार नाहीत.' संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" इतक्या वर्षांत त्यांनी मला घरचं पहिल्यांदाच विचारलं. रजा मागायची हीच वेळ होती, पण सुचलं नाही.

घरी येऊन हिला विचारलं. ही म्हणाली, "मला वाटलं तूच शोधतोयस. म्हटलं बघू या, कुठवर जातो." मग आमच्या डोक्यात उजेड पडला. भाऊजींनी ते कुटुंबाचं खातं उघडलंय ना! 'एका घराला एक नळ पुरतो, पाच कशाला' असं म्हणून तुमचे दोघांचे फोन, आमचे दोघांचे आणि आईचा टॅब, सगळं एकाच खात्याला जोडून टाकलं. तेव्हापासून एकाने काही शोधलं की पाचही जणांना शिंका येतात. मागे भाऊजींनी टकलावर उपाय शोधला तर तेलाच्या जाहिराती मला आल्या. मी एक बाटली मागवलीसुद्धा.

तर उत्तर सोपं आहे. मी नाही. ही नाही, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं आणि वर जरा दाबलंही. आई टॅबवर जुनी गाणी ऐकते आणि विणकामाचे नमुने बघते. भाऊजी स्वतःसाठी महिलेची खोली कशाला शोधतील? राहिलीस तू.

ताई, काय झालंय? भाऊजी कटकटे आहेत हे सर्वमान्य आहे, त्यात नवं काही नाही. पण निघायचंच असेल तर परक्या बाईच्या खोलीत कशाला? इथे ये. आईच्या खोलीत दुसरी खाट सहज मावते. मी कालच टेप लावून बघितलं. आई म्हणाली, "काय मोजतोस रे?" म्हटलं, "काही नाही, सहज."

हे सगळं फोनवर लिहिलं असतं, पण मग उद्यापासून पाचही जणांना वकिलांच्या जाहिराती आल्या असत्या. म्हणून कागद. बोटं दुखली, ती तुझ्या खाती मांडली आहेत.

तुझा भाऊ


११ मे

चिरंजीव म्हणायचं तुझं वय राहिलं नाही, पण अक्कल अजून त्याच इयत्तेत आहे, म्हणून: चि. भावास,

हल्ली घरी कागदी पाकीट आलं की वाईट बातमीच असणार असं धरून तुझ्या भाऊजींनी ते घाईघाईने फोडलं. वाचलं. चष्मा बदलून परत वाचलं. मी कामावरून आले तर हे दारातच उभे, हातात चहा. तेहतीस वर्षांतला पहिला. साखर विसरले होते, पण मी बोलले नाही. तेव्हापासून उठता बसता विचारतात, "तू सुखी आहेस ना?" काल मी एक्स-रेच्या खोलीत एका पेशंटला 'श्वास रोखून धरा' म्हटलं आणि तेवढ्यात यांचा फोन, तोच प्रश्न घेऊन. मी उत्तर देईपर्यंत तो बिचारा निळा पडायला आला.

मी कुठेही जात नाहीये. चहा चालू राहावा म्हणून हे यांना अजून नीटसं सांगितलेलं नाही, एवढंच.

आणि ती किटली माझ्याकडेही आली होती. मला वाटलं तुझी बायको निघाली. आश्चर्य वाटलं नाही, इतका उशीर का झाला एवढंच वाटलं.

आता थट्टा पुरे, नीट वाच. यांनी खात्याचा इतिहास उघडला. कुणी काय शोधलं, कधी शोधलं, त्याची सगळी रांग लागलेली असते तिथे. 'तळमजल्यावरची खोली, जिना नको.' 'गुडघे दुखणाऱ्यांसाठी उंच पलंग.' 'खोलीला आतून कडी.' सगळं दुपारचं, तुम्ही दोघं कामावर असता तेव्हाचं. आपल्या पाच जणांत गुडघे कुणाचे दुखतात? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तू माझ्या संसारापर्यंत वळसा घालून आलास आणि कळसा तुझ्या शेजारच्या खोलीत बसून गाणी ऐकतोय.

यांना पुढचंही वाचायचं होतं. मी फोन हातातून काढून घेतला. आमच्याकडे एक्स-रेचा फोटो ज्याचा त्याच्याच हातात देतात. दाराबाहेर सख्खा मुलगा उभा असला तरी आत काय दिसलं ते आपण सांगायचं नसतं. तुला सांगितलं ही मी चूकच केली. पण तू तिच्या खोलीत टेप घेऊन फिरतोयस म्हटल्यावर राहवेना. तर आता एवढं कर. तिला विचारू नकोस. ती सांगेल तेव्हा ऐक. आणि याचं सदर करू नकोस. मी तुला ओळखते.

आणि मला सांग, तिथे तुम्ही तिला केलंत तरी काय?

ताई


१९ मे

ती. ताईस,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सदर रविवारी छापून आलं होतं.

'आमच्या फोनला घटस्फोट हवाय.' किटली, पलंग, संपादकांचा चष्मा, 'प्रश्न विचारले जाणार नाहीत', सगळं. तुझा उल्लेख 'एक जवळची नातेवाईक' एवढाच केला. मला वाटत होतं मी तुझी लाज राखतोय. लोकांना फार आवडलं. औषधाच्या दुकानदाराने कापून काचेवर चिकटवलंय.

सदर छापायला द्यायच्या आधी मी कायम आईला वाचून दाखवतो, हे तुला माहीत आहे. हे एकच दाखवलं नव्हतं. म्हटलं, लेकीचा संसार मोडतोय हे तिला असं कळायला नको. तिने रविवारी सकाळी भिंग लावून शेवटपर्यंत वाचलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "छान लिहिलंस. किटली आकाशी नव्हती पण, मोरपंखी होती." आणि ताई, मी हसलो. हसून म्हटलं, "म्हणजे तुलाही आली का जाहिरात!"

त्या दिवसापासून किटली गायब, पलंग गायब. टॅब फ्रिजवर, विणलेल्या झाकणाखाली. गाणीही बंद. घरात एवढी शांतता आहे की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकतो.

तू विचारतेस, केलंत काय. काय केलं नाही ते विचार. तिला चक्कर आली होती ना, त्यानंतर हिने तिच्या खोलीतल्या फळीवर कॅमेरा बसवला. ऑफिसातून मधूनमधून बघते, आई पडल्या तर नाहीत. आईच म्हणाली, "पोटची पोरसुद्धा इतकं बघणार नाही." तिच्या फोनमध्ये अशी सोय केली की ती जाईल तिथे आमच्या नकाशावर निळा ठिपका जातो. मनगटावरचा पट्टा पावलं मोजतो, झोप मोजतो. ती सकाळी खोलीतून बाहेर यायच्या आत मला कळलेलं असतं तिला झोप लागली की नाही, त्यामुळे विचारावंही लागत नाही. दाराची आतली कडी काढून टाकली. कडी लावलेली असताना चक्कर आली म्हणजे? काढताना ती म्हणाली होती, "परत कधी लावशील?" म्हटलं, "चक्कर थांबली की लावतो. शब्द देतो." चक्कर थांबून दोन वर्षं झाली. सांगायचा मुद्दा, तिला कमी काय आहे?

परवा तर कमाल झाली. ठिपका दुपारभर घरात. हिने कॅमेऱ्यात पाहिलं तर पलंग रिकामा. मी ऑफिसातून धावत आलो. फोन उशीखाली मजेत पडलेला, पट्टा त्याच्या सोबतीला. आई चहाच्या वेळेला आली. चपलांना धूळ, हातात कुणाची तरी फुलाफुलांची छत्री.

ही म्हणाली, "आई, कुठे गेला होतात?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"घराच्या."

आणि छत्री घेऊन खोलीत गेली.

तू बजावलंस म्हणून मी काही विचारलेलं नाही. पण ताई, ती जाणार का? या वयात, आपलं घर सोडून, एकटी? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, लोकांची सोय मी आधीच करून ठेवली आहे. पण मग मी सदर वाचून कुणाला दाखवू?

तुझा भाऊ


२४ मे

भावास,

आईचा मला फोन आला. तिच्या फोनवरून नाही, औषधाच्या दुकानातून. म्हणाली, "समोर काचेवर तुझ्या भावाचं सदर आहे, त्याच्याकडे बघतच बोलतेय."

काय बोलली ते तुला सांगणार नाही. 'एवढं सांग' म्हणाली तेवढंच सांगते. तिने खोली पाहिली आहे. महिनाअखेरीला तिथल्या मालकीणबाईंना हो की नाही ते कळवायचं आहे. छत्री त्यांची, ऊन होतं म्हणून दिली. तोवर तिची समजूत घालायला कुणी येऊ नये, तिला सगळं समजतं.

'कमी काय आहे' म्हणून तू जे जे लिहिलंस ते मी यांना वाचून दाखवलं. अख्खा जन्म बँकेत काढला यांनी. म्हणाले, "एवढा बंदोबस्त तर आमच्या तिजोरीला नव्हता." मग एकदम गप्प झाले, कारण नळ यांनीच बसवलेला.

ते कुटुंबाचं खातं यांनी मोडलं. आता पाच जणांची पाच. तुमचे दोघांचे पासवर्ड याच पाकिटात आहेत. आईचा वेगळ्या पाकिटातून तिच्या नावाने येईल. तो तिला दे, आणि उजेडाकडे धरून बघू नकोस. जुना इतिहास पुसून टाका असं तिने सांगितलं होतं, तोही पुसला. मी विचारलं, "गेलं ना सगळं?" हे म्हणाले, "आपल्याकडचं गेलं. ज्यांनी ते बघून किटली पाठवली त्यांच्याकडचं मी कसं पुसू?"

तुझ्या सदराचंही तसंच. आता पेपर जाळलेस तरी वाचलेलं कुणी परत देत नाही.

वाचून कुणाला दाखवू म्हणतोस. आधी तिला वाचणं थांबव, मग तिला वाचून दाखव.

ताई

चहात आता साखर असते.


२७ मे

चि. बाळास,

हे पत्र तुला पोस्टाने येईल. पत्ता आपलाच आहे. टपाल रोज मीच घेते, तेव्हा ते तुझ्या हातात मीच देईन, आणि त्या वेळी दोघांनीही काही बोलायचं नाही. घरातल्या घरात चिठ्ठी दिली असती तर ती जेवणाच्या टेबलावर गेली असती, तिथून ताईकडे आणि तिथून पेपरात. पोस्टाचं पाकीट ज्याचं त्यानेच उघडायचं, हे तुझ्या वडिलांनी तुला कान धरून शिकवलं होतं. तेवढं तरी आठवत असेल.

तुम्ही दोघं माझं फार करता. सूनबाईबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करण्यासारखी असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मला त्या खोलीत काय करायचं होतं, असं तुला वाटत असेल. काही नाही करायचं होतं. दुपारी दार लावायचं, केस सोडायचे, पाय पसरून बसायचं. आरशापुढे उभं राहून तुझ्या वडिलांशी चार शब्द बोलायचे, तेही बहुतेक भांडणाचेच. कधी रडू आलं तर रडायचं. मागे एकदा रडले, तर लगेच सूनबाईचा फोन, "आई, काय झालं? छातीत दुखतंय का?" म्हटलं, "हो, दुखतंय." ते काही खोटं नव्हतं. पण मग तुम्ही मला दवाखान्यात नेलंत, छातीचा फोटो काढलात, तो ताईला पाठवलात, तिने तिच्या डॉक्टरांना दाखवला, आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं की आत काही नाही. तेव्हापासून मी रडणं सोडलं. तुमची फार धावपळ होते.

मी जन्मभर बायकांचे कपडे शिवले. कोण वाळत चाललीय, कुणाला दिवस गेलेत, हे घरच्यांच्या आधी माझ्या टेपला कळायचं. टेप गळ्यात आणि तोंड बंद, म्हणून बायका यायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि माझी मूठ मात्र तुमच्या चार फोनांवर उघडी पडली होती, हे मला तुझ्या सदरातून कळलं. मला आपलं वाटायचं, दुपारी टॅबशी मी एकटीच बोलतेय. कुणाला विचारायची चोरी म्हणून त्याला विचारत होते.

त्यात तू येऊन माझ्या खोलीत दुसरी खाट मोजायला लागलास.

ती खोली चांगली आहे. जिना नाही, कडी मजबूत आहे. मालकीणबाई हसतमुख. मुलगा काय करतो म्हणाल्या. मी म्हटलं, लिहितो पेपरात. तर टाळी वाजवून म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे ते फोनच्या घटस्फोटवाले तुमचेच? मग ती जवळची नातेवाईक म्हणजे..." आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मग ऊन फार आहे म्हणून छत्री दिली. प्रश्न विचारले जाणार नाहीत असं जाहिरातीत होतं, ते खरं निघालं. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

तीस तारखेला कळवायचं आहे. अजून ठरलेलं नाही. मला उत्तर लिहू नकोस, समजावूही नकोस. माझ्यावर लिहावंसं वाटलं तर आधी मला ऐकव, आणि मी नको म्हटलं तर नको.

आई


३० मे

ती. ताईस,

आईचं पत्र आलं. तिनेच आणून दिलं, "तुझं टपाल" म्हणाली. पाकिटाच्या सगळ्या कडांना डिंक चोपडला होता. उघडायला कात्री लागली, ती तिच्याकडेच मागितली. दोघंही काही बोललो नाही.

आत काय आहे ते तुला सांगत नाही. तुला ठाऊक असेलच, पण माझ्याकडून नको.

संपादक म्हणत होते, फोनचं पुढे काय झालं, वाचक विचारतायत. म्हटलं, फोन बिघडला. या रविवारी रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहिलं. खड्ड्यांना आई नसते. आईला आधी वाचून दाखवलं, "ठीक आहे" म्हणाली, म्हणजे वाईट आहे. औषधवाल्याला काचेवरचं कात्रण काढायला सांगितलं. "अहो, गिऱ्हाईक हसतं!" म्हणून तो बराच वेळ कुरकुरला. शेवटी काढलं, पण कागदाचे तुकडे आणि डिंकाचे डाग राहिलेच. मी नखाने खरवडून पाहिले. माझ्या नावाचं पहिलं अक्षर अजून वाचता येतं.

आज सकाळी आई छत्री घेऊन गेली आणि रिकाम्या हाताने आली. म्हणजे काहीतरी कळवून आली. हो की नाही, मी विचारलं नाही. तुला माहीत असेल तर मलाही सांगू नकोस. हे वाक्य लिहायला मला केवढे कष्ट पडले याची तुला कल्पना येईल, पण सांगू नकोस.

दुपारी लवकर सुटून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. फोनवर शोधत बसलो नाही, नाहीतर वर्षभर कड्या मागे लागल्या असत्या. दुकानदार म्हणाला, "आतून लावायची की बाहेरून?" म्हटलं, "आतून."

जुनी भोकं मीच बुजवून वर रंग मारला होता, इतका नीट की आता सापडेनात. नवी पाडली. पहिलं वाकडं गेलं. हीसुद्धा लवकर आली होती, ती स्क्रू घेऊन शेजारी उभी. मध्येच तिने फळीवरचा कॅमेरा काढला, वायर गुंडाळली आणि बाहेर नेऊन ठेवला. आई पलंगावर बसून बघत होती.

"एवढी वर नको. माझ्या हाताला यायला हवी. लावायची मला आहे, तुला नाही."

खाली घेतली. दार आता चाळणीसारखं दिसतंय, पण कडी सरळ बसली.

ही हळूच म्हणाली, "आई, चक्कर आली तर?"

"खाली बसेन. आणि हाक मारीन. हाक मारायला पासवर्ड लागत नाही."

भुसा झाडून उठलो तर आई म्हणाली, "आलाच आहेस तर टेपचं दुसरं टोक धर." खिडकीचं माप घेतलं. पडदा आखूड झालाय म्हणे, बाहेरून आतलं दिसतं. आपल्याच खिडकीचं माप, ताई. मी काही अर्थ काढला नाही. अर्थ काढायची खोड मोडायची आहे.

मग तिने आम्हाला दोघांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. कडी लागली. परत निघाली, परत लागली. चालते का ते बघत असावी. मी कान लावायला वाकलो तर हिने कॉलर धरून मागे ओढलं.

चहा केला. आमचा दोघांचा पिऊन झाला. आईचा कप झाकून ठेवलाय, हाक मारलेली नाही. निवतोय. निवू दे.

तुझा भाऊ